छातीतली धडधड आणि धम्म : एक ऐतिहासिक मागोवा

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा समितीच्या बैठकीत कोणी म्हणाले मी लेण्यांवर लिहितो, कोणी म्हणाले मी धम्मचक्र प्रवर्तनावर लिहितो. माझी पाळी आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वस्तीतली एक आजी उभी राहिली. सर्वजण तिला ओळखतात, म्हणून नाव लिहीत नाही.

ही आजी मूळची मराठवाड्यातली. दिनांक २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यात तिचेही घर गेले. रात्री ओरडा ऐकू आला, दोन लेकरे घेऊन ती ज्वारीच्या रानात पळाली, आणि पुढे शहरात आली ती कायमची. आज तिला नातवंडे आहेत, पक्के घर आहे, मुलगा नोकरीत आहे. पण लग्नाच्या वरातीत फटाक्यांची लड वाजली की आजीच्या छातीत धस्स होते. दरदरून घाम, घशाला कोरड, हातपाय गार, पोटात गोळा. "काळीज तोंडात आलंय रे बाबा, आता काही मी वाचत नाही," असे म्हणते आणि भिंतीला टेकून बसते. मुलाने दवाखान्यात नेले, छातीची पट्टी काढली, रक्त तपासले. काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, टेन्शन घेऊ नका." टेन्शन काय आपण दुकानातून विकत आणतो काय? शेवटी शेजारणीच्या सांगण्यावरून सूनबाईने तिला गुपचूप एका देवऋषीकडे नेले आणि अंगारा लावून आणला. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा रोज म्हणणाऱ्या घरात हे घडले! सूनबाईला रागावणे सोपे आहे. परंतु दवाखान्याने परत पाठवले आणि विहारातही कोणी काही सांगितले नाही, तर त्या बिचारीने जायचे कुठे?

म्हणून मी शोध घेऊ लागलो. भीतीने शरीराची जी दशा होते तिच्याबद्दल आपल्या धम्माच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासात काही सांगितले आहे काय? वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की पुष्कळ सांगितले आहे. ते आपल्या लोकांपर्यंत आले नाही एवढेच.

सुरुवात खुद्द तथागतांपासून करावी लागेल. मज्झिम निकायात चौथे सुत्त आहे, त्याचे नाव भयभेरव सुत्त. श्रावस्तीच्या जेतवनात जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना भेटायला येतो आणि म्हणतो की, रानावनात एकटे राहणे फार कठीण, तिथे माणसाचे मन ठिकाणावर राहत नाही. यावर भगवान त्याला खोडून काढत नाहीत. ते म्हणतात, खरे आहे, संबोधी प्राप्त होण्यापूर्वी मलाही असेच वाटे. मग ते कोणकोणत्या कारणांनी भय वाटते ते सांगतात. कोणाचे आचरण शुद्ध नसते, कोणाच्या मनात लोभ किंवा द्वेष असतो, तर कोणी स्वभावानेच थरथर कापणारा असतो.

पुढचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. अष्टमी, चतुर्दशी आणि पंधरवड्याची शेवटची रात्र, या रात्री लोक भुताखेताच्या म्हणून मानत. त्याच रात्री सिद्धार्थ मुद्दाम उठून उद्यानातल्या, वनातल्या, झाडांखालच्या चैत्यांच्या जागी जाऊन राहिला. ज्या जागेचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो, अशा त्या जागा. तिथे एखादे हरीण यायचे, मोराच्या पायाने काटकी मोडायची, वाऱ्याने पाचोळा सळसळायचा. आणि भय यायचे. नीट लक्षात घ्या, भय यायचे! सिद्धार्थाला भीती वाटलीच नाही असे सुत्त सांगत नाही. आपण पितळेच्या नि संगमरवराच्या मूर्तीतला तो शांत चेहरा बघत लहानाचे मोठे झालो, त्यामुळे ह्याच शरीरावर एके काळी पाचोळ्याच्या आवाजाने काटा उभा राहत होता हे आपण विसरून गेलो.

मग त्याने काय केले? त्याने ठरवले की, मी नेहमी भयाचीच वाट बघत का बसावे? ज्या स्थितीत असताना भय येईल त्याच स्थितीत मी ते निवारीन. चालत असताना आले तर चालतच राहायचे, ते ओसरेपर्यंत उभे राहायचे नाही, बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. बसलेला असताना आले तर बसूनच राहायचे. एवढेच. मंत्र नाही, ताईत नाही, कुणा देवाचा धावा नाही. भय आले की शरीर म्हणते पळ, आणि पळालो की भय खरे होते, दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुप्पट होऊन बसते. जागा न सोडणे हा त्यावर शोधून काढलेला उपाय, आणि तो एका माणसाने स्वतःच्या शरीरावर करून पाहिला. मानवाच्या इतिहासात भयावर केलेला इतका स्पष्ट प्रयोग इतक्या जुन्या काळी दुसरीकडे नोंदलेला माझ्या तरी वाचनात नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले गृहत्याग केलेल्या माणसाचे. प्रपंचातल्या माणसाचे काय? त्यासाठी अंगुत्तर निकायातली नकुलपित्याची गोष्ट वाचावी. भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ भेसकळावन होते, तिथले हे जोडपे, नकुलपिता आणि नकुलमाता. नकुलपिता फार आजारी पडला. त्याची बायको उशाशी बसली आणि तिने काय सांगावे? काळजी मनात ठेवून मरू नका, काळजी घेऊन मरणे दुःखाचे. तुमच्या मागे मुलांचे कसे होईल, घर कसे चालेल असे तुम्हाला वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी पोरांना पोसीन. मी दुसरे घर करणार नाही. माझे शील ढळणार नाही, धम्मावरची माझी श्रद्धा पातळ होणार नाही. एकेक काळजी तिने हातात घेतली आणि एकेक सोडवली. नकुलपित्याचा आजार तिथल्या तिथे उतरला असे सुत्त सांगते. पुढे काठी टेकत तो भगवंतांच्या दर्शनाला गेला, तेव्हा भगवंतांनी त्याच्या पत्नीची तोंडभरून वाखाणणी केली.

ह्या बाईचा क्रम बघा. निर्वाणाच्या गोष्टी तिने शेवटी ठेवल्या. आधी सूत आणि लोकर! पोटापाण्याची काळजी मिटल्याशिवाय छातीवरचा धोंडा हलत नाही हे तिला माहीत होते. आमच्याकडे उलटे होते. घरातला कर्ता पुरुष रात्री उठून बसतो, छातीवर हात ठेवतो, आणि आम्ही त्याला म्हणतो, "काही होत नाही, झोपा." काही होत नाही म्हणून कोणाची काळजी गेली आहे काय?

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. तिथे दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला वेदना होते तो पहिला बाण. त्या वेदनेने घाबरून, रडून, छाती बडवून माणूस स्वतःला जो मारून घेतो तो दुसरा. जाणत्यालाही पहिला लागतोच, दुसरा मात्र तो लागू देत नाही. आमच्या आजीच्या छातीत धडधड होते हा पहिला बाण. 'आता मी वाचत नाही' हा दुसरा.

परंतु आपल्या ग्रंथांनी दुसरी बाजूही लपवली नाही, आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हल्ली डोळे मिटून बसले की सर्व बरे होते अशी एक हवा आहे. वैशालीच्या महावनात कूटागारशाळेत भगवंत असताना त्यांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेचे ध्यान शिकवले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. इकडे पुष्कळ भिक्खूंना त्या ध्यानाने शरीराची इतकी किळस आली की त्यांनी जीव दिला. परत आल्यावर भगवंतांनी विचारले, संघ एवढा कमी का दिसतो? आनंदाने सर्व हकीगत सांगितली आणि दुसरा एखादा मार्ग सांगण्याची विनंती केली. तेव्हा भगवंतांनी सर्वांना एकत्र बोलावून आनापानसती सांगितली. आत येणारा श्वास जाणायचा, बाहेर जाणारा श्वास जाणायचा. दीर्घ असेल तर दीर्घ, आखूड असेल तर आखूड. आणि शरीराची खळबळ शांत करत करत श्वास घ्यायचा. म्हंजे आनापान पुन्हा सांगितले गेले ते एका अपघातानंतर. जे ध्यान एकाला मानवते ते दुसऱ्याला सोसेलच असे नाही, ही नोंद आपल्या पिटकातच आहे.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष सिंहलद्वीपात विसुद्धिमग्ग लिहीत होते. श्वास शांत होतो म्हणजे काय होते, हे सांगताना त्यांनी एका कष्टकऱ्याचेच उदाहरण घेतले आहे. डोंगर उतरून आलेला किंवा डोक्यावरचे जड ओझे नुकतेच खाली ठेवलेला माणूस. त्याला नाक पुरत नाही, तो तोंडाने धापा टाकतो. मग तो अंघोळ करतो, पाणी पितो, छातीवर ओले फडके ठेवतो आणि सावलीत आडवा होतो; हळूहळू त्याचा श्वास इतका बारीक होतो की आहे की नाही ते कळू नये. ज्यांनी गोदीत किंवा बाजारात पाठीवर पोती वाहिली त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ओझे आधी खाली ठेवले पाहिजे, ही गोष्ट मात्र आचार्यांनी सहज सांगून टाकली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इथून मी एकदम विसाव्या शतकात येतो. कारण ज्या भयाबद्दल मला लिहायचे आहे त्याची दुसरी बाजू जेतवनात नाही, बडोद्यात आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातले शिक्षण घेऊन परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले. राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश नाही. म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. हा प्रसंग त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही ती छोटी पुस्तिका, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापली. वरच्या मजल्यावर ते एकटेच. शेजारी अडगळीने भरलेली मोठी खोली. वीज नाही. रखवालदार रात्रीपुरता एक लहानसा कंदील आणून देई, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. त्या अंधारात शेकडो वटवाघळे. पुस्तकात मन घालून एकटेपण विसरावे म्हणून ते वाचत बसत, आणि वटवाघळांच्या फडफडीने अंगात शिरशिरी येऊन जे विसरायचे तेच पुन्हा आठवे. एक कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला पंचविशीतला विद्वान! अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, धर्मशाळा का बाटवलीस, संध्याकाळच्या आत निघ, नाहीतर परिणाम भोग. दोन मित्रांकडे शब्द टाकला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही निरनिराळी कारणे सांगून अंग काढून घेतले. शेवटी बाबासाहेब मुंबईची गाडी येईपर्यंत कामाठी बागेत जाऊन बसले. हा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असे त्यांनी अठरा वर्षांनंतर लिहिले.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. वनात मोराच्या पायाखाली काटकी मोडली. धर्मशाळेत वटवाघूळ फडफडले. शरीराने दोन्हीकडे तेच केले, अंगावर काटा आणला. परंतु वनात काटकीमागे कोणी नव्हते. धर्मशाळेत वटवाघळांमागे काठ्या होत्या, आणि त्या अकराव्या दिवशी जिना चढून आल्या. पहिल्या भयाला उपाय म्हणजे जागा न सोडणे आणि ते ओसरताना बघणे. दुसऱ्या भयाला हा उपाय सांगणे म्हणजे मार खाणाऱ्याला श्वास बघ म्हणून सांगणे होय. दुसऱ्या भयाचे औषध काठ्या काढून घेणे हेच आहे. महाड, काळाराम, गोलमेज आणि संविधान हे मला त्या औषधाचे डोस वाटतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसणे हे मानले नाही, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले. त्यामागेही हीच दृष्टी आहे असे माझे मत आहे. दुःखाला पुष्कळदा मारणारा हात असतो.

आणि आमच्या आजीचे? तिचे भय दोन्हीकडचे आहे, म्हणूनच ते कोणाला समजत नाही. १९७८ साली काठ्या खऱ्या होत्या. तेव्हा ती पळाली हे अगदी योग्य केले. आता त्या काठ्या दाराशी नाहीत, पण फटाका वाजला की शरीर ज्वारीच्या रानात पळू लागते. काठी गेली, काटकी राहिली.

पाश्चात्त्य वैद्यकाला ही गोष्ट फार उशिरा कळू लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांना छातीत धडधड, कळ आणि धाप यांचा त्रास होई, आणि तपासले तर हृदयात दोष सापडत नसे. फिलाडेल्फियाच्या डॉ. डा कोस्टांनी १८७१ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि अशा हृदयाला चिडखोर हृदय असे नाव दिले. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात दाखवले की भीती आणि रागाच्या वेळी मूत्रपिंडांवरच्या टोपीसारख्या ग्रंथींतून अॅड्रेनालिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. म्हंजे शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. पोटात गोळा येतो तो यामुळे. माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. हा भुताचा स्पर्श नव्हे आणि करणीही नव्हे. हे प्रत्येक देवऋषीच्या दारावर पाटी करून लावायला पाहिजे! श्वास सोडायला जरा अधिक वेळ घेतला की हृदयाचे ठोके मंदावू लागतात हेही आता माहीत झाले आहे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो एक जपानी डॉक्टर, मोरिता शोमा (१८७४-१९३८). लहानपणी ह्याने बौद्ध मंदिरात नरकाचे रंगीत चित्र पाहिले आणि मरणाच्या भीतीने त्याची झोप उडाली. आपल्याच धम्माच्या मंदिरात लेकरांना घाबरवणारी चित्रे लावत होते, हेही इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. तोक्योला वैद्यकी शिकत असताना ह्याला धडधडीचा त्रास, औषधे चालू, अभ्यास होईना. त्यात वडिलांकडून पैसे आले नाहीत. पोरगा चिडला. मेलो तर मेलो म्हणून औषध फेकले आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसला. चांगल्या रीतीने पास झाला, आणि बघतो तर धडधड गायब! पुढे १९१९ च्या सुमारास त्याने यातूनच एक उपचारपद्धती उभी केली. धडधडीचे झटके येणाऱ्या रोग्याला तो सांगे, आज रात्री ज्या कुशीवर झोपल्याने झटका येतो त्याच कुशीवर झोप, झटका मुद्दाम आण, आणि तो कसा सुरू होतो, कसा वाढतो, कसा उतरतो ते नीट बघून मला सांग. रोगी झटक्याची वाट बघत बसे, झटका येत नसे. आपली पद्धत झेनमधून घेतलेली नाही असे तो म्हणे, पण समजावताना झेनचे शब्द वापरी. त्याने भयभेरव सुत्त वाचले असेल नसेल, वाट तीच आहे.

आता ब्रह्मदेशाकडे वळू. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये मंडालेचे राज्य घेतले, राजाश्रय गेला, बुद्धशासन टिकते की नाही अशी चिंता निर्माण झाली. त्या काळात लेडी सयाडो (१८४६-१९२३) या विद्वान भिक्खूंनी विपश्यना विहाराच्या भिंतीबाहेर आणून गृहस्थांना शिकवली. त्यांच्या परंपरेत सया तेजी हे शेतकरी आचार्य झाले आणि त्यांच्याकडून ती सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे आली. ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस! १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते महालेखापाल झाले, आणि १९५० मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यना मंडळ काढले. फायलींच्या ढिगात बसणाऱ्या कारकुनांना ध्यान. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनला केंद्र उभारले. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच रंगूनला गेले होते.

तिथल्या भारतीय वंशाच्या उद्योजक घराण्यातले सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत, त्याचेच व्यसन लागण्याची भीती होती. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडचे डॉक्टर झाले. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे आले, तर त्यांनी डोकेदुखीसाठी घ्यायला नकार दिला. नुसती डोकेदुखी घालवायला येऊ नका, ती गेली तर जाता जाता जाईल, असा त्याचा आशय. आई मज्जातंतूंच्या विकाराने आजारी, तिच्यासाठी म्हणून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर भरले. आईवडील धरून अवघे चौदा साधक. बडोद्याच्या धर्मशाळेनंतर मुंबईची ही धर्मशाळा, असे माझ्या मनात उगीचच येऊन गेले. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले. एप्रिल १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एका वेळी बसले. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून दुखण्याने नि ताणाने गांजलेल्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. सगळ्या शरीरावरून लक्ष फिरवणे, श्वास जाणणे हेच त्यात आहे. फक्त बुद्धाचे नाव दारात काढून ठेवले.

ह्यावरून आपल्या समाजात वाद आहे, तो टाळून जाणे मला बरे वाटत नाही. काही बांधव म्हणतात, विपश्यना ही शेठ लोकांची चीज, ती माणसाला डोळे मिटायला लावते, बाबासाहेबांनी डोळे उघडायला सांगितले. दुसरीकडे काही उपासक असे की त्यांना अन्यायाची बातमी सांगितली तर म्हणतात, अनित्य आहे, समता ठेवा. मला दोन्ही पटत नाही. ज्याचे ओझे डोक्यावर आहे त्याला श्वास शांत कर म्हणून सांगू नये, बुद्धघोषांनीसुद्धा आधी ओझे उतरवले आहे. पण ओझे उतरल्यावरही ज्याची छाती अजून धापा टाकते त्याला तू संघर्ष कर म्हणूनही भागत नाही. बाबासाहेबांना घटनेच्या कामाच्या त्या दिवसांत मधुमेह आणि पायांतल्या वेदनांनी झोप येत नसे. संघर्ष करणाराचे शरीर संघर्षाची किंमत मोजत असते, त्याची विचारपूस करणे हा पळपुटेपणा नव्हे.

आमच्या विहारात गेली काही वर्षे रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर वीस मिनिटे आनापान होते. त्यात आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. छातीत दुखते म्हणणाऱ्याला पहिल्यांदा दवाखान्यात न्यायचे, पट्टी काढायची. 'टेन्शनच असेल' हे आम्ही आमच्या मनाने म्हणायचे नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी ध्यानासाठी बंद करायची नाही. डोळे मिटल्यावर ज्याला जास्त भीती वाटते त्याने उघडे ठेवावेत, वैशालीचे उदाहरण आहेच. बसवत नसेल तर त्याच्याबरोबर एकाने उठून व्हरांड्यात चालावे, धडधड उतरेपर्यंत चालावे, आणि मधेच घरी नेऊ नये. आणि मग काळजी कसली आहे ते विचारावे. भाड्याची असेल तर भाड्याचे बोलावे, पोराच्या फीची असेल तर फीचे.

आजी सुरुवातीला यायला तयार नव्हती. "माझं काय ते शिकायचं वय हाय का?" म्हणाली. तिला सूनबाईच घेऊन आली. देवऋषीकडे नेल्याचा राग मी केव्हाच सोडला आहे, कारण आजीच्या बाजूला वीस मिनिटे तिचा हात धरून तीच बसते. आजीला नाकातला श्वास काही समजला नाही, तिने स्वतःच पोटावर हात ठेवला, पोट वर येते खाली जाते ते बघते. गेल्या दिवाळीत लड वाजली तेव्हा ती घरात पळाली नाही, व्हरांड्यातच चालत राहिली. घाम आला. नंतर म्हणाली, "आलं होतं, गेलं."

त्याच आठवड्यात समितीच्या बैठकीत कोणी तरी विषय काढला की, आपल्याच पोरांनी विहारासमोर लड लावायची कशाला? थोडी वादावादी झाली. तरुण मंडळींचे म्हणणे, जयंतीला आवाज नको तर काय मुक्याने मिरवणूक काढायची? शेवटी एका पोराने, आजीच्याच नातवाने, सांगितले की लड नाक्यापलीकडे मैदानात लावू, इथे फक्त ढोलताशा. ठराव वहीत लिहिला आहे. यंदाच्या १४ एप्रिलपासून तसेच चालू आहे.